आईच्या मेडिकेअरचा होकार आईलाच विचारा

प्रति,
ऑस्ट्रेलियात व्हिडिओवरून मराठीत थेरपी देणारे सायकॉलॉजिस्ट, मेंटल हेल्थ सोशल वर्कर आणि त्यांची क्लिनिकं चालवणारे सर्वजण

स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आईला दोन वर्षांनी भारतात जायचं होतं. प्रवासासाठी लसीचं प्रमाणपत्र लागत होतं, म्हणून मी तिच्या फोनवर मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं, ॲप उघडून बसले होते. प्रमाणपत्र शोधता शोधता बोट भलतीकडे पडलं आणि तिच्या नावावरच्या क्लेमची यादी उघडली. आई शेजारीच होती. चष्मा नीट करून ती यादी वरून खाली वाचत गेली. तारीख, थेरपिस्टचं नाव, आयटेम नंबर (सेवेचा प्रकार सांगणारा आकडा), डॉलर. पुन्हा तारीख, नाव, नंबर, डॉलर. मग तिनं विचारलं, "इतक्या सह्या कुणी केल्या गं?"

सही कुणीच केली नव्हती. सुरुवातीच्या काही सेशनना 'हो' मी म्हटलं होतं, ईमेलवर, ऑफिसच्या दोन मीटिंगच्या मध्ये. पुढच्या सेशनना कोण हो म्हणालं होतं, हे मलाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून हे पत्र माझ्या मनात आहे. लिहायला इतकी वर्षं गेली, कारण तुमच्यावर राग धरावा असं मला वाटत नाही. तुम्ही नसता तर आई आज जशी आहे तशी नसती. पण जे झालं ते सांगितलंच पाहिजे. असाच मोबाइल टेकवून बसलेल्या कितीतरी आया, आज्या, सुना आणि शाळकरी मुलं या देशात आहेत, आणि त्यांच्या वतीनं दुसरंच कुणीतरी हो म्हणतंय.

आई सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बाबा गेल्यानंतर ती कायमच्या व्हिसावर आमच्याकडे मेलबर्नला आली. हिरवं मेडिकेअर कार्ड आलं तेव्हा ते तिनं देवापुढे ठेवलं होतं. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तासगावजवळच्या गावी तिचा धाकटा भाऊ गेला. भारतातून येणारी विमानं त्या महिन्यात ऑस्ट्रेलियानं थांबवली होती, आणि इथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना देशाबाहेर पडायलाही खास परवानगी लागत होती. मामाचा दहावा आईनं फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर तिचं जेवण तुटलं. रात्री दोनला उठून ती गॅरेजमध्ये जाऊन बसायची, कारण घरातल्यांना रडणं ऐकू जाऊ नये.

ऑगस्टमध्ये आमच्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन केला; थेरपीला मेडिकेअरचे पैसे मिळायला तो लागतो. "मला इंग्रजीतून दुःख सांगता येत नाही," हे आईनं त्याला माझ्याकरवी सांगितलं. मराठी बोलणाऱ्या सायकॉलॉजिस्टबाई शोधायला आम्हाला पाच आठवडे लागले. त्या दुसऱ्या राज्यात होत्या, आणि मेलबर्न तेव्हा सहाव्या लॉकडाउनमध्ये होतं. त्यामुळे व्हिडिओशिवाय मार्गच नव्हता. मी फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांदळाच्या डब्याला टेकवून द्यायचे, कॉल लागला की बाहेर निघून जायचे. ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी आई स्वतःहून उठली आणि तिनं भाकऱ्या थापल्या. तो आवाज ऐकून मी जिन्यातच बसून राहिले. या कामाची किंमत मला ठाऊक आहे, आणि पुढचं सगळं ती जाणूनच लिहिते आहे.

आता होकाराचं. तेव्हा समोरासमोर सही घेणं शक्य नव्हतं, म्हणून आरोग्य खात्यानं ईमेलची मुभा दिली होती. थेरपिस्टकडून ईमेल यायची. तीत तारीख, आयटेम नंबर आणि रक्कम असायची, आणि पेशंटनं उलट लिहायचं की या सेवेचा मेडिकेअर लाभ थेट थेरपिस्टला द्यायला माझी संमती आहे. आईला ईमेल नाही. क्लिनिकच्या फॉर्मवर मीच माझा पत्ता घातला होता. पहिल्या चार ईमेलना मी उत्तर दिलं. आईला एकदाही वाचून दाखवली नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी आईजवळ कबूल केली आहे. नंतर ईमेल येणं बंद झालं. चौकशी केली तेव्हा क्लिनिकमधून कळलं की पुढच्या प्रत्येक सेशनला तोंडी संमती घेतल्याची नोंद आहे.

ती तोंडी संमती कशी होती, ते आईनंच आठवून सांगितलं. कॉल लागला की बाई म्हणायच्या, "ताई, आवाज येतोय ना?" आई म्हणायची, "हो हो." "बल्क बिल करते हं." "हो हो." दोन्ही 'हो' एकाच दमात. बल्क बिल म्हणजे 'फुकट' एवढंच तिला माहीत होतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला परवानगी कसली द्यायची असते?

माझं तुमच्याशी खरं बोलणं इथून सुरू होतं.

बल्क बिल फुकट नसतं, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. मेडिकेअरचा लाभ मिळण्याचा हक्क पेशंटचा असतो. १९७३ च्या हेल्थ इन्शुरन्स कायद्याच्या २०ए या कलमात तेच लिहिलेलं आहे. लाभ पेशंटला देय आहे, आणि तो घेण्याचा आपला हक्क ती करार करून डॉक्टरला किंवा थेरपिस्टला सोपवू शकते. त्या बदल्यात थेरपिस्ट तेवढ्या रकमेलाच पूर्ण फी मानतो आणि वर एक डॉलरही मागत नाही. आईचे पैसे आधी आईचे असतात, आणि तिनं सोपवल्यावरच तुमचे होतात. या सोपवण्याला इंग्रजीत असाइनमेंट म्हणतात. त्या संध्याकाळी मी आईला हे मराठीत समजावून सांगायला लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "म्हणजे हक्कसोड."

हा शब्द तिच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. आजोबा गेल्यावर, १९८७ साली, तिनं वडिलांच्या जमिनीवरचं हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून दिलं होतं. तासगावच्या रजिस्ट्रार कचेरीत बाकावर बसवून तिला सांगण्यात आलं, "ताई, इथं आणि इथं." मुलांना रोज वाचायला शिकवणाऱ्या बाईनं तो कागद न वाचता सही केली. घाई होती, साक्षीदार खोळंबले होते, आणि भावाच्या देखत कागद वाचायला मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. जमीन दिल्याचं दुःख तिला कधीच झालं नाही. वाचून दाखवलं असतं तरी तिनं सही केलीच असती. पण कुणी वाचून दाखवलं नाही, ही गोष्ट ती पस्तीस वर्षं विसरली नव्हती. आणि त्याच भावाच्या दुःखासाठी चाललेल्या उपचारात तिच्या हक्काचा कागद पुन्हा तिला न विचारता पुढे सरकला होता.

कायद्याचे बारकावे तुम्ही जाणता, तरी इथे थोडे मांडते, कारण हे पत्र तुमचे पेशंटही वाचतील. पेशंटच्या हाती कराराची प्रत द्यायची, आणि तपशील भरण्याआधी सही घ्यायची नाही, हे याच कायद्याच्या १२७ व्या कलमानं सांगितलेलं होतं, आणि ते मोडलं तर दंडाची तरतूद होती. ही कलमं कागदाच्या काळातली. मग १३ मार्च २०२० पासून फोन आणि व्हिडिओचे आयटेम आले, आणि १ जानेवारी २०२२ पासून टेलिहेल्थ कायमचं झालं. साथीच्या धामधुमीत तोंडी होकारावर काम चाललं. तोंडी होकार कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, हे आरोग्य खात्यानं २०२३ साली स्पष्ट केलं, तेव्हा देशभरचे डॉक्टर वैतागले. त्यांचं वैतागणं मला समजतं. फोनवर पाच मिनिटं बोललेल्या म्हाताऱ्या माणसाकडून सही आणायची कशी? अखेर २०२४ साली संसदेनं याच विषयावर दुरुस्ती कायदा केला आणि कागदी फॉर्मची जागा डिजिटल संमतीनं घेण्याची वाट मोकळी झाली.

तुमच्यातले पुष्कळजण म्हणतील की आता प्रश्न मिटला, लिंक पाठवायची, पेशंटनं बटण दाबायचं, नोंद आपोआप होणार. मला उलट भीती वाटते. आईच्या फोनवर येणारी प्रत्येक लिंक मी दाबते. तुमच्या दप्तरी नोंद चोख राहील, आणि होकार पुन्हा माझाच असेल.

तो होकार माझा का चालत नाही? पेशंट स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या वतीनं जबाबदार व्यक्ती संमती देऊ शकते, ही सोय आहे आणि ती हवीच. पण माझी आई ठरवण्याच्या स्थितीत होती. ती दुःखात होती. दुःखात असणं आणि अजाण असणं यात फरक आहे, आणि तो तुमच्याइतका कुणालाच कळत नाही. तिला इंग्रजी कमी येतं, ॲप वापरता येत नाही, ईमेल नाही. यातल्या कुठल्याही कारणानं तिचा हक्क माझ्याकडे येत नाही. आपल्याकडे मात्र तो फार सहज येतो. मुलगा फी भरतो, मुलगी गाडीतून नेते, सून फोन लावून देते, आणि मग "आईंचं चालेल ना?" हा प्रश्न आई सोडून सगळ्यांना विचारला जातो.

त्या यादीत आणखी एक गोष्ट निघाली. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आमच्या भागातलं इंटरनेट गेलं होतं आणि सेशन झालंच नव्हतं. आईला तो मंगळवार पक्का आठवत होता, कारण त्या दिवशी मामाचा वाढदिवस होता आणि तिला बोलायचं होतं. यादीत त्या तारखेला क्लेम होता. मी क्लिनिकला कळवलं, त्यांनी तपासून तो मागे घेतला, कारकुनी चूक झाली म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला आणि अजूनही ठेवते. न झालेल्या अपॉइंटमेंटचे पैसे मेडिकेअर देत नाही. रद्द केल्याची फी क्लिनिक पेशंटकडून घेऊ शकतं, पण ते आधी सांगून, आणि तो वेगळा व्यवहार. त्या आठवड्यात आईला कुणी विचारलं असतं की "आजच्या सेशनचा क्लेम करू का," तर ती म्हणाली असती, "अहो, आज झालंच कुठं?" चूक तिथेच थांबली असती. संमती विचारल्यानं पेशंटचा मान राहतो, आणि तुमचा हिशेबही बरोबर राहतो.

शिवाय सेशन मोजकी असतात. साथीच्या काळात वर्षाला २० मिळत होती. ३१ डिसेंबर २०२२ नंतर पुन्हा १० वर आली, आणि तीही जानेवारी ते डिसेंबर या हिशेबानं. पहिल्या रेफरलवर जास्तीत जास्त ६, मग जीपीकडे जाऊन पुढची. दहापैकी एक चुकून गेलं तर नोव्हेंबरात कुणाचा तरी एक आठवडा रिकामा जातो. आईसारख्या पेशंटला आपली किती झाली, किती उरली, हे कुणी सांगतच नाही. हा आकडा तिचा आहे. तो दर वेळी तिला सांगा.

आणि मग आईनं तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर द्यायला मी फार उशीर केला होता. "म्हणजे मी जे बोलले ते सगळं सरकारला कळतं?"

नाही कळत. मेडिकेअरकडे तारीख जाते, तुमचं नाव जातं, आयटेम नंबर जातो, रक्कम जाते. नंबरावरून सेशन मानसिक आरोग्याचं होतं आणि व्हिडिओवर झालं की फोनवर, एवढं समजतं. उदाहरणार्थ ९११७० म्हणजे सायकॉलॉजिस्टबरोबर व्हिडिओवरचं पन्नास मिनिटांचं किंवा त्याहून मोठं सेशन. गॅरेजमधलं रडणं त्यात नाही, मामा त्यात नाही, सासूबद्दल बोललेलं त्यात नाही. मी हे सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला आधी सांगायला हवं होतं."

भारतातून परत आल्यावर तिनं पुढची अपॉइंटमेंट घेतली नाही. मी दोन-तीनदा विचारलं, नंतर सोडून दिलं. दोन वर्षं ती कुणाशी बोलली नाही. ज्या बाईंनी तिला भाकरीपर्यंत परत आणलं होतं, त्यांच्याकडेच ती जाईना. उपचार चुकीचा होता म्हणून नव्हे. दुःखाची कुठेतरी यादी होत होती आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढ्यावरून.

म्हणून माझं पहिलं मागणं हे आहे की कुठे काय दिसतं ते पेशंटला सुरुवातीलाच, मराठीत, सावकाश सांगा. क्लेमची यादी मायगव्ह या सरकारी पोर्टलवरून दिसते. तीच माहिती माय हेल्थ रेकॉर्ड या सरकारी डिजिटल आरोग्य नोंदीतही जाऊ शकते, आणि तिथली मेडिकेअरची माहिती बंद ठेवता येते. आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांत फार महत्त्वाची आहे: ज्या जीपीनं रेफर केलं त्याला तुम्हाला लेखी अहवाल पाठवावा लागतो. इंग्रज माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमचा जीपी मराठी आहे. तो गणेशोत्सवात आरतीला आमच्या शेजारी उभा असतो, त्याच्याकडे माझा नवरा जातो, माझी नणंद जाते. डॉक्टर म्हणून तो कुणाला काही सांगणार नाही, याची मला खात्री आहे. तरी अहवालात काय जाणार आणि काय नाही, हे पेशंटला आधी माहीत असायलाच हवं. कित्येक जणी केवळ या एका गोष्टीमुळे मराठी जीपी सोडून दुसऱ्याकडून प्लॅन करून घेतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

दुसरं, संमतीचा मेसेज कुणाच्या फोनवर जातो ते बघा. हे मी आईपेक्षा इतर बायकांसाठी लिहिते आहे. लग्न होऊन नव्यानं आलेल्या मुलीचं सिमकार्ड पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर असतं, ईमेल दोघांचं एकच असतं, मेडिकेअर कार्डावर दोघांची नावं असतात. ती दुपारी, नवरा कामावर असताना, तुमच्याशी बोलते. संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवर संमतीची लिंक येते. त्या एका मेसेजनं तिचं काय होऊ शकतं, याचा विचार माझ्यापेक्षा तुम्ही अधिक केला असेल. मग तुमचं सॉफ्टवेअर तो मेसेज आपोआप का पाठवतं? पहिल्या भेटीत, ती एकटी आहे याची खात्री करून, विचारा: हा नंबर तुमचा एकटीचा आहे का? मेसेज पाठवू का, की इथेच बोलून घेऊ? नोंद कशी ठेवायची ते मग ठरवा. सोयीचा मार्ग पहिल्यांदा तिच्या सोयीचा असू द्या.

मुलांचंही तसंच. चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाच्या क्लेमची यादी आईवडिलांना आपल्या अकाउंटवरून दिसते, त्यानंतर मुलाच्या परवानगीशिवाय दिसत नाही, आणि पंधराव्या वर्षी त्याला स्वतःचं कार्ड मागता येतं. तेरा वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलेलं असतं? तिला वाटतं कुणालाच कळणार नाही, आणि घरी यादी उघडी असते. किंवा सोळा वर्षांच्या मुलाला वाटतं की आईला सगळं दिसतंय, म्हणून तो तोंडच उघडत नाही. दोघांनाही खरं काय ते सांगा.

डिसेंबरबद्दल थोडंसं. आपण सगळे डिसेंबर-जानेवारीत पुण्याला, नागपूरला, गोव्याला जातो, आणि सेशन चुकू नये म्हणून तिथूनच व्हिडिओ लावावासा वाटतो. सेवेच्या वेळी पेशंट आणि थेरपिस्ट दोघंही ऑस्ट्रेलियात असतील तरच मेडिकेअरचा क्लेम होतो. पेशंटला हे माहीत नसतं, ते तुम्हीच सांगायचं. पेशंट तिकडे असताना झालेलं सेशन इकडच्या तारखेला दाखवावं असा आग्रह कुणी धरला, अगदी पेशंटच्या घरच्यांनी प्रेमानं धरला, तरी नको. तसंच आपल्यातले जे समुपदेशक आहेत, पण ज्यांची आप्राकडे (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे) सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी नाही आणि जे मेडिकेअरच्या इतर मान्य व्यवसायांतही बसत नाहीत, त्यांनी फी ठरवतानाच हे उघड सांगावं. चांगलं ऐकून घेणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे, त्याचे पैसे द्यायला लोक तयार असतात. नंतर कळलं की रिबेट, म्हणजे मेडिकेअरचा परतावा, नाही, की मन उडतं.

आता विचारायचं केव्हा. यावर मी खूप विचार केला. पन्नास मिनिटं रडून झालेल्या माणसाला शेवटच्या मिनिटाला "हे पैसे मला देता का" असं विचारलं तर तो नाही कसा म्हणेल? आणि सुरुवातीला विचारावं तर सेशन किती वेळ चालेल, होईल की नाही, हेच ठरलेलं नसतं. मला वाटतं समजावून सांगण्याचं काम पहिल्या भेटीत, उपचाराला हात घालण्याआधी, पूर्ण करावं. मग दर वेळी शेवटी फक्त छोटा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर काय द्यायचं हे पेशंटला आधीच ठाऊक असतं. नाही म्हटलं तर काय होतं, हेही तिला ठाऊक असायला हवं. 'नाही' म्हणण्याची वाट दाखवलेली नसेल तर 'हो' म्हणणं काय कामाचं?

वेळ जातो, हे मला कळतं. बल्क बिल करणाऱ्यांना किती मिळतं, तेही कळतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पन्नास मिनिटांच्या सेशनचे साधारण १४५ डॉलर, आणि इतर सायकॉलॉजिस्टना शंभराच्या आसपास. बाजारात फी याहून बरीच जास्त आहे. आपल्या भाषेतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तुम्ही तोटा सोसता. त्यात मी आणखी काम सांगते आहे, म्हणून कामातलं काही मी स्वतः करून आणलं आहे. खालचा मसुदा मी लिहिला आणि आईनं दुरुस्त केला. मी 'लाभ' लिहिलं होतं, तिनं 'पैसे' केलं. मी 'संमती दर्शवावी' लिहिलं होतं, ते तिनं खोडून 'हो की नाही' केलं. मोठं वाक्य होतं त्याचे तिनं चार तुकडे केले, चौथीच्या वहीत करायची तसे.

"ताई, आजच्या सेशनचे मेडिकेअरकडून अमुक इतके डॉलर मिळतात. ते पैसे तुमचे आहेत. तुम्ही हो म्हणालात तर ते सरळ मला मिळतील, आणि आज मी तुमच्याकडून वेगळं काही घेणार नाही. नाही म्हणालात तर माझी फी तुम्ही द्यायची, आणि मेडिकेअरचे पैसे तुमच्या खात्यात येतील. मेडिकेअरला कळवायचंच नसेल तर तेही चालेल, मग फी पूर्ण तुमची. मेडिकेअरला आजची तारीख, माझं नाव आणि सेशनचा प्रकार कळेल. आपण काय बोललो ते कळणार नाही. यंदाच्या दहापैकी हे चौथं. सांगा, हो की नाही?"

आईनं हे मोठ्यानं वाचलं, मी घड्याळ लावलं. पाऊण मिनिटाच्या आत झालं. तुमच्या नोंदीसाठी जी सही, ईमेल किंवा लिंक लागते ती यानंतर घ्या. ज्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर मराठी येत नाही, तिथे १३१ ४५० वर फोन करून दुभाषी मिळतो. घरातल्या माणसाला दुभाषी करू नका, निदान या एका प्रश्नापुरता तरी.

२०२४ च्या मध्यावर आई पुन्हा थेरपीला जाऊ लागली. या बाई वेगळ्या आहेत, मराठी आहेत, व्हिडिओवरच भेटतात. पहिल्या भेटीत त्यांनी अर्धा तास फक्त हेच समजावलं. आई बाहेर येऊन म्हणाली, "शिकवता येतं हिला." आता दर सेशनच्या शेवटी त्या विचारतात आणि आई उत्तर देते. मी फोन डब्याला टेकवते आणि मागच्या अंगणात जाते, ईमेल माझ्याकडे येत नाही.

मागच्या हिवाळ्यात एकदा आई बाहेर आली आणि तिनं माझ्याकडे तिची पर्स मागितली. त्या दिवशी ती नाही म्हणाली होती. मेडिकेअरला कळवायचं नाही, फी मी देते, असं तिनं बाईंना सांगितलं होतं, आणि बाईंनी कारण न विचारता नुसतं "बरं" म्हटलं. आईनं कार्ड काढलं, नंबर स्वतः वाचून सांगितला, पावती मोबाइलवर आली ती मला दाखवून घडी घातल्यासारखा फोन पालथा ठेवला. त्या दिवशी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

वरचा मसुदा तुमच्यापैकी कुणालाही वापरता येईल, बदलता येईल, आपल्या बोलीत करून घेता येईल. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या आज्या इथे आहेत. त्यांच्या तोंडात बसेल असा कुणी केलात तर आमच्या मराठी मंडळाकडे पाठवा, पुढच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात आई तो वाचून दाखवायला तयार आहे.

आपली,
एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी
टार्नीट, मेलबर्न

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी आईला पूर्ण वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं काट मारली, ती वाक्यं काढली आहेत. गॅरेजचं राहू दे म्हणाली.